हजेरीपटावरची माणसे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

औशाचा माणूस कोळशावर काय बोलणार, असे कुणी विचारले तर त्याचे चुकले नाही. आमच्याकडे काळे आहे ते रान. त्यात पूर्वी ज्वारी पिकायची, आता सोयाबीन पिकते. पण १९४८ पर्यंत औसा ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्याच्या पूर्वेला, येल्लंदूच्या जंगलात कोळसा होता. आणि माझे थोरले मामू पोटासाठी तिकडे गेले होते.

पोलीस अॅक्शननंतर दोन वर्षांनी ते गेले. उर्दू शाळेत शिकलेले, अक्षर मोत्यासारखे. बेल्लमपल्लीकडच्या एका खाणीत त्यांना हजेरीपट लिहिण्याचे काम मिळाले. सुट्टीवर आले की अंगणात बाजेवर बसून ते आम्हा पोरांना खाणीच्या गोष्टी सांगत. खाणीत ते स्वतः क्वचितच उतरले असतील, त्यामुळे गोष्टी पुष्कळदा हजेरीच्याच असत. एक वाक्य ठरलेले: ‘बेटा, जिसका नाम हाजरी में, वो आदमी. बाकी सब धूल.’ तेव्हा आम्ही हसायचो.

येल्लंदूजवळ सिंगरेणी नावाचे गाव आहे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांना १८७१ मध्ये त्या भागात कोळसा सापडला. १८८६ मध्ये हैदराबाद डेक्कन कंपनीला खाणकामाचे हक्क मिळाले. पुढची हकिकत मोठी मासलेवाईक आहे. खाणीतून कोळसा काढायला सुरुवात होण्याआधीच लंडनच्या बाजारात कंपनीच्या भागांची उलाढाल झाली आणि इतका गवगवा झाला की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. निजामाचे बडे अधिकारी अब्दुल हक यांना पद गमवावे लागले. कोळसा निघू लागला तो १८८९ मध्ये. म्हणजे पैसा आधी निघाला, कोळसा मागून! १९२० मध्ये सिंगरेणी कॉलरीज हे नाव आले आणि १९४५ मध्ये निजाम सरकारने कंपनी ताब्यात घेतली. आज तिची मालकी तेलंगण सरकार आणि केंद्र सरकार यांच्यात ५१ आणि ४९ टक्के अशी वाटलेली आहे.

आता कोळसा बंद करण्याची भाषा जगभर चालू आहे. हवा तापते आहे, त्याची झळ आम्हा मराठवाड्याच्या माणसांना कुणी समजावून सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताच्या आग्रहावरून ‘कोळसा बंद करू’ऐवजी ‘कमी करू’ असा शब्द घातला गेला. बंद करा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही कामगारांच्या पोटाची चिंता करतात. ती खरी असेलही. पण सिंगरेणीचा हिशेब पाहा. १९९० च्या सुमारास तिथे एक लाखाहून अधिक कामगार होते. आज ते चाळीस हजारांच्या आसपास आहेत. कोळसा मात्र तेव्हाच्या तिपटीहून अधिक निघतो. जमिनीखालच्या खाणी मिटत गेल्या, उघड्या खाणी आल्या, अजस्र यंत्रे आली. कोळसा बंद व्हायच्या आधी कामगारच कमी झाला, आणि त्याचे कारण हवामान नव्हते.

या कपातीत धरून धरून माणसे काढली, असेही झाले नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, स्वेच्छानिवृत्ती आली. बापाच्या जागी मुलाला नोकरी ही तिथली जुनी रीत. ती बंद पडली. २०१६ मध्ये पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली आणि २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. सरकारी नोकरी वारशाने कशी द्यायची, हा न्यायालयाचा प्रश्न कायद्याला धरूनच होता. पण खाणीच्या गावात दुसरा धंदा नसतो, हेही तितकेच खरे. पुढे आजारपणामुळे कामाला अपात्र ठरलेल्यांच्या वारसांपुरती वाट उघडी राहिली.

हे सगळे हजेरीवरच्यांचे. उघड्या खाणीत कोळशावरचे मातीचे थर काढण्याचे बरेचसे काम ठेकेदारांकडे असते. त्या पोरांची नावे कंपनीच्या कायम पटावर नसतात. आपल्या चंद्रपूर-वणीकडेही तेच चित्र आहे.

चंद्रपूर म्हटले की दोन गोष्टी सांगायच्या राहतात. राजुऱ्याजवळची सास्तीची खाण मूळ निजामाच्याच मुलखातली. राज्यांच्या फेररचनेत १९५६ मध्ये राजुरा नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. तीन वर्षे का होईना, मराठवाड्याकडेही कोळसा होता! दुसरी गोष्ट वरोऱ्याची. तिथली सरकारी खाण १८७० च्या दशकापासून चालली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे टाकली गेली आणि १९०६ मध्ये खाण बंद झाली. त्याच सुमारास बल्लारपूरला नवी खाण उभी राहत होती. जुने गॅझेटियर चाळले की टनांचा हिशेब लगेच सापडतो, माणसांचा शोधावा लागतो. आज वरोऱ्याला लोक उतरतात ते आनंदवनात जाण्यासाठी.

बाहेर याहून चांगले कुठे झाले? जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचे २००७ मध्ये ठरवले आणि बोट्रोपची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये मिटली. मध्ये अकरा वर्षे घेतली, लवकर निवृत्ती दिली, दुसरी कामे शिकवली. इंग्लंडमध्ये १९८४-८५ च्या संपानंतर जे झाले ते याच्या उलट. तिथली खाणीची गावे अजून सावरलेली नाहीत. फरक पैशाचा होता, तसाच सवडीचाही होता.

आपल्याकडे खाण बंद करण्याचे नियम २००९ मध्ये आले. त्यानुसार कंपनीने आधीपासून पैसे बाजूला ठेवायचे: तेव्हाचा दर उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख, जमिनीखालच्या खाणीला एक लाख. खड्डे बुजवायचे, झाडे लावायची. चांगलेच आहे. पण माप हेक्टराचे, माणसाचे नाही. अलीकडच्या सुधारित नियमांत कामगार आणि भोवतालची गावे यांचाही विचार आला आहे. माझे म्हणणे एवढेच, की मोजणी खाण चालू असतानाच करा, आणि फाटकाच्या आत थांबू नका. ठेक्यावरचा डंपरवाला मोजा, पगाराच्या दिवशी उधारी वसूल करणारा किराणावालाही मोजा. खाण मिटल्यावर मोजायला गेलात तर कोण सापडणार?

बेल्लमपल्लीच्या बहुतेक जुन्या खाणी पुढे एकेक करून मिटल्या. मामूंना ते पाहावे लागले नाही. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. हजेरीपट कचेरीत राहिला; ही त्यांच्या घरखर्चाची. पगाराच्या दिवशी कुणाला काय दिले, ते उर्दूत लिहिलेले. त्यात आडनाव एकाचेही नाही, पुष्कळांचे नावसुद्धा नाही. पाणीवाली, आठ आणे. धोबी, दीड रुपया. बैलगाडीवाला, मागची बाकी. चहावाला पोरगा, चार आणे.