आधी प्रेक्षक, मग महोत्सव

सुधीर नांदगावकरांची ओळख करून देताना लोक ‘मामी’पासून सुरुवात करतात. माझ्या हिशेबाने ही सुरुवात 29 वर्षं उशिराची आहे. मुंबईचा तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1997 चा. नांदगावकरांचं काम 1968 चं. त्या वर्षी दिनकर गांगलांसारख्या साथीदारांबरोबर त्यांनी ‘प्रभात चित्र मंडळ’ ही फिल्म सोसायटी काढली. गांगलांची ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ अजून व्हायची होती, सत्यदेव दुबेंचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पडद्यावर यायला तीन वर्षं अवकाश होता, आणि ‘समांतर सिनेमा’ म्हणजे काय हे दादरमध्ये कुणाला विचारलं असतं तर त्याने ‘प्लाझा’कडे बोट दाखवलं असतं.

मुंबईत फिल्म सोसायट्या त्याआधीही होत्या. ‘आनंदम’ होती, बासू चटर्जी-अरुण कौल यांची ‘फिल्म फोरम’ होती. पण तिथली चर्चा बहुधा इंग्रजीत चालायची. बँकेत, महापालिकेत, शाळेत नोकरी करणारा मराठी माणूस कुरोसावा बघून भारावून जायचा, पण चर्चा सुरू झाली की हळूच चपला शोधायला लागायचा. ‘प्रभात’ने त्याला थांबवलं. नांदगावकर स्वतः पत्रकार आणि चित्रपट समीक्षक. मंडळाचं नियतकालिकही मराठीत निघालं, आधी ‘रूपवाणी’ आणि पुढे ‘वास्तव रूपवाणी’ या नावाने. घटक, गोदार, बर्गमन यांच्याबद्दल मराठीत भांडता येतं हे माझ्या पिढीला तिथे कळलं.

मी मागच्या रांगेतला सभासद. खुर्च्या लावायच्या, दारात कार्डं तपासायची, ही माझी कामं. प्रिंट मिळायच्या वकिलातींकडून, परदेशी सांस्कृतिक केंद्रांकडून, फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनकडून नाहीतर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून. पत्र्याचे डबे स्टेशनवरून उतरवून टॅक्सीत टाकायचे आणि पहिल्यांदा मोजायचे, कारण एखादं रीळ मागे राहिलं तर नायिका मेली कशी हे कुणालाच कळायचं नाही. 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर असला तर बहुतेक एकच असायचा. रीळ संपलं की दिवे लागायचे, ऑपरेटर नवीन रीळ चढवायचा आणि त्या चार-पाच मिनिटांत सभागृहात कुजबुज सुरू व्हायची. सगळ्यात चांगल्या चर्चा मी त्या अंधार-उजेडातच ऐकल्या. नंतरच्या औपचारिक चर्चेत पुष्कळदा दोघंच बोलत. सिनेमा हंगेरियन, सबटायटल्स इंग्रजी आणि हातात सायक्लोस्टाइल केलेलं मराठी टिपण, असा तिहेरी कारभार होता.

एक गोष्ट आज कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. फिल्म सोसायट्यांना सेन्सॉरमधून सवलत होती. सत्तरच्या दशकात सभासद वाढले त्यात त्या सवलतीचा वाटा मोठा. कित्येक जण कलेसाठी नव्हे, न कापलेल्या दृश्यांसाठी वर्गणी भरत. पोलिश दिग्दर्शकाच्या लांबलचक, एका बाईचे कपडेही न उतरणाऱ्या सिनेमानंतर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असत. यातले काही पुढच्या वर्षी गळाले, काही मात्र राहिले आणि चांगले प्रेक्षक झाले. वाट कशीही असो, माणूस आला हे खरं.

आता मुंबईचं दैव बघा. देशातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव 1952 च्या जानेवारीत इथेच झाला. मग 1976 आणि 1984 चे ‘फिल्मोत्सव’ आले आणि गेले. दिल्लीहून पाहुणा यावा, जेवावा आणि निघून जावा, असा तो प्रकार. कोलकात्याने 1995 मध्ये आणि केरळने 1996 मध्ये आपापला महोत्सव उभा केला. दोन्हीकडे सरकार पाठीशी होतं. सिनेमाची राजधानी म्हणवणारं शहर मात्र कोरडं. 1997 मध्ये हृषीकेश मुखर्जींच्या अध्यक्षतेखाली व्यवसायातली मंडळी एकत्र आली, महोत्सवाची सूत्रं नांदगावकरांकडे आली आणि ‘मामी’ सुरू झाला. नामवंतांची नावं पत्रिकेवर होती, ती हवीतच. पण खुर्च्यांत बसलेल्या प्रेक्षकांतले कितीतरी जण फिल्म सोसायट्यांत घडलेले होते. त्यांना सिनेमा का बघायचा हे समजावून सांगावं लागलं नाही.

पाच वर्षांनी, 2002 मध्ये, किरण शांताराम यांच्या साथीने नांदगावकरांनी ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपट महोत्सव काढला. माझ्या मते त्यांच्या खऱ्या स्वभावाचा महोत्सव हा. आम्ही फिल्म सोसायटीवाले वर्षानुवर्षं युरोपकडे तोंड करून बसलेले. फ्रान्समधल्या गल्ल्या आम्हाला पाठ, आणि श्रीलंकेत सिनेमा निघतो का याचा पत्ता नाही! इराण, कोरिया, चीन, बांगलादेश इथले सिनेमे एका जागी बघताना आपल्या शेजारघरात काय चाललंय हे कळलं. ‘मामी’ला पुढे मोठे प्रायोजक मिळाले, 2014 मध्ये पैशांअभावी तो अडला तेव्हा लोकवर्गणीही झाली. ‘थर्ड आय’ला तसं वलय कधी आलं नाही. लाल गालिचा नसला की वर्तमानपत्रांत जागा मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या काळात नांदगावकर फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनचंही काम करत होते. महोत्सव वर्षाचा एक आठवडा. उरलेले आठवडे कुणी सांभाळायचे, हा त्यांचा विषय होता. 2023 च्या आरंभी ते गेले. आज जिल्ह्याजिल्ह्यांत महोत्सव निघताहेत. बोधचिन्ह आधी ठरतं, प्रमुख पाहुणा आधी ठरतो आणि रविवारी संध्याकाळी सभागृहात आयोजकांचेच नातेवाईक दिसतात. हा उलटा क्रम मला पटत नाही.

महोत्सवांच्या गुळगुळीत पुस्तिका कुणी ना कुणी जपून ठेवलेल्या असतात. सायक्लोस्टाइलची ती मराठी टिपणं, कार्यक्रमपत्रिका, जुने ‘रूपवाणी’चे अंक यांचं तसं नाही, ते माळ्यावर पडलेले असतात. तुमच्या घरात असतील तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाशी नाहीतर जवळच्या फिल्म सोसायटीशी संपर्क साधा आणि देऊन टाका.