परवान्याबाहेरची रात्र : न्यूयॉर्कमधील ‘लॉफ्ट’ आणि डिस्को-नृत्यगृहाचा उगम

डिस्को-नृत्यगृहांचा इतिहास सामान्यतः गाजलेली गाणी, झगमगीत वेष आणि नामांकित पाहुणे यांच्या आधारे सांगितला जातो. १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये उघडलेले ‘स्टुडिओ ५४’ आणि त्याच वर्षीचा ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट यांनी या कालखंडाचे चित्र जवळजवळ व्यापून टाकले आहे. परंतु ज्या प्रथेतून हे नृत्यगृह आकारास आले, तिचे एक प्रमुख मूळ सात वर्षे मागे, एका माणसाच्या राहत्या जागेत सापडते. तेथे मद्य विकले जात नसे, वाटेल त्याला प्रवेश मिळत नसे आणि खुद्द यजमान त्या जागेस क्लब म्हणवून घेण्यास राजी नसे. हा नकार केवळ विक्षिप्तपणाचा होता काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना प्रथम त्या शहरातील कायद्याची स्थिती ध्यानात घेणे अवश्य आहे. १९२६ च्या कॅबरे कायद्यान्वये, ज्या सार्वजनिक जागी खाद्यपेये विकली जात, तेथे नृत्य चालवावयाचे तर नगरशासनाचा परवाना लागे. १९४० ते १९६७ या काळात अशा ठिकाणी काम करणाऱ्या कलावंतांनाही पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावे लागे. बिली हॉलिडे आणि थेलोनियस मंक यांच्यासारख्यांची ओळखपत्रे हिरावली गेल्याने त्यांचे या शहरातील काम बंद पडले होते. समलिंगी स्त्रीपुरुषांची स्थिती याहूनही बिकट होती. त्यांना मद्य दिल्यास परवाना जाईल, या भीतीने मालक त्यांना नाकारीत. एप्रिल १९६६ मध्ये काही पुरुषांनी आपली ओळख उघड सांगून ‘ज्युलियस’ या मद्यगृहात पेय मागितले व तेथे मिळालेला नकार जगापुढे आणला. २८ जून १९६९ च्या रात्री ‘स्टोनवॉल’ मद्यगृहावर पडलेल्या छाप्यातून तर दंगलच उसळली. सारांश, परवाना हे केवळ महसुलाचे साधन नव्हते. कोणी कोणाबरोबर नाचावे, हे ठरविण्याचे ते हत्यार होते.

या पार्श्वभूमीवर १४ फेब्रुवारी १९७० रोजी डेव्हिड मँकूसो (१९४४–२०१६) याने ६४७, ब्रॉडवे येथील आपल्या जागेत मित्रमंडळींस नृत्यासाठी बोलाविले. लॉफ्ट म्हणजे कारखान्याचा वा वखारीचा मोकळा, उंच मजला. मॅनहॅटनच्या दक्षिण भागातून उद्योग बाहेर पडू लागल्यावर असे मजले रिकामे झाले होते आणि तेथे कलावंत, बहुधा नियमबाह्यपणेच, राहू लागले होते. निमंत्रणपत्रिकेवर दालीच्या चित्रातील वितळत्या घड्याळांची प्रतिमा होती व ‘लव्ह सेव्ह्ज द डे’ हे शब्द होते. त्यांतील मुख्य शब्दांची आद्याक्षरे एलएसडी या निषिद्ध द्रव्याकडे निर्देश करीत. मद्य नव्हते म्हणून ती सभा सात्त्विक होती, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

अशा रात्रीचा क्रम पुढे बराचसा ठरून गेला. पाहुणे मध्यरात्रीच्या सुमारास येत. दारात अल्प वर्गणी घेतली जाई. ही रीत हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या ‘रेंट पार्टी’ची, म्हणजे घरभाडे भागविण्यासाठी घरीच भरविलेल्या मेळ्याची होती. वर्गणीनंतर आत पैशाचा व्यवहार नसे. फळे, सुकामेवा आणि सरबते मांडलेली असत, छताशी रंगीत फुगे तरंगत. कृष्णवर्णीय, लॅटिन-अमेरिकन, गोरे, स्त्रिया, पुरुष, समलिंगी आणि इतर हे सारे एकाच जमिनीवर नाचत. अनाथालयात गेलेल्या बालपणी एक धर्मभगिनी मुलांना फुगे, सरबत आणि तबकड्यांचे संगीत यांभोवती गोळा करी, अशी आठवण मँकूसोने पुष्कळ वर्षांनी सांगितली. उत्तरकालीन आठवण या नात्याने तिच्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. तथापि तो स्वतःस व्यावसायिक न समजता यजमान समजत होता, एवढे तिच्यावरून निश्चित कळते.

संगीताची योजनाही याच भूमिकेशी सुसंगत होती. रात्रीचे तीन टप्पे त्याने टिमथी लिअरी व सहकाऱ्यांच्या १९६४ च्या ग्रंथावरून घेतले होते, आणि त्या ग्रंथाने ते तिबेटी बौद्धांच्या ‘बार्दो’ या कल्पनेवरून घेतले होते. संस्कृतात जिला ‘अंतराभव’ म्हणतात, तीच ही मरण व पुनर्जन्म यांमधील अवस्था. आरंभी शांत संगीत, मध्ये आवेगाचा कळस आणि पहाटे हळूहळू भूमीवर परतणे, असा हा क्रम असे. ध्वनियोजनेत क्लिपशहॉर्न जातीचे ध्वनिक्षेपक होते. खोलीच्या कोपऱ्यातील भिंतींचाच ते कर्ण्यासारखा उपयोग करतात. ध्वनितज्ज्ञ ॲलेक्स रोझनर याने उच्च स्वरांचे छोटे ध्वनिक्षेपक एकत्र बांधून नर्तकांच्या डोक्यावर टांगले. पुढील काळात मँकूसोने तबकड्या एकमेकींत मिसळणेही सोडले आणि प्रत्येक रचना प्रथमपासून अखेरपर्यंत वाजू दिली.

या खाजगी घराचा प्रभाव बाहेर कसा पडे, याचे उदाहरण मनू दिबांगो याच्या ‘सोल माकोसा’चे आहे. १९७२ च्या आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेसाठी काढलेल्या कॅमेरूनी तबकडीची ही दुसरी बाजू. ब्रुकलिनमधील एका दुकानात ती मँकूसोच्या हाती लागली, आणि १९७३ मध्ये ती अमेरिकन लोकप्रियतेच्या याद्यांत पोहोचली. १९७५ साली त्याच्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘रेकॉर्ड पूल’मुळे तबकडीवादकांना कंपन्यांकडून नव्या तबकड्या नियमित व विनामूल्य मिळू लागल्या.

त्याच वर्षी खरी कसोटी लागली. लॉफ्ट ९९, प्रिन्स स्ट्रीट येथे हलताच शेजाऱ्यांनी विरोध केला आणि परवान्याचा प्रश्न नगरशासनाच्या ग्राहक-व्यवहार खात्यापुढे गेला. मँकूसो जनतेस खाद्यपेये विकत नसल्याने त्यास कॅबरे परवान्याची गरज नाही, असा निर्णय झाला. महाराष्ट्रातील घरगुती बैठक आणि तिकीट लावलेला जलसा यांतील भेद ज्यांस परिचित आहे, त्यांस या निर्णयाचे मर्म सहज कळेल. येथे मात्र तो भेद केवळ अभिरुचीचा नव्हता. पोलीस दाराशी येणार की नाही, हे त्यावर ठरत होते. मद्यविक्री नाही म्हणून पहाटे ठराविक वेळी दार लावण्याचे बंधनही नव्हते. लॉफ्टचा पाहुणा लॅरी लेव्हान पुढे ज्यामुळे विख्यात झाला, ते ‘पॅरडाइज गॅरेज’ (१९७७–१९८७) याच नमुन्यावर चालले. दुसरा पाहुणा फ्रँकी नकल्स १९७७ मध्ये शिकागोच्या ‘वेअरहाउस’मध्ये गेला, ‘हाउस’ संगीताचे नाव त्या जागेवरूनच पडले.

तरीही या व्यवस्थेची मर्यादा स्पष्ट आहे. निमंत्रणाने मिळणारे स्वातंत्र्य हे पाहुण्याचे स्वातंत्र्य असते, नागरिकाचे नव्हे. ज्यास निमंत्रण नाही, त्यास ते लाभत नाही, आणि यजमानाची जागा गेली की तेही जाते. १९८४ मध्ये लॉफ्टला पुन्हा हलावे लागले आणि जुने पाहुणे पुष्कळसे गळाले. त्याच दशकात एड्सच्या साथीने त्या पिढीतील असंख्य माणसे नेली. त्यामुळे या रात्रींचे साक्षीदारही कमी झाले, आणि आज उपलब्ध असलेला मौखिक पुरावा हा मागे राहिलेल्यांचा पुरावा आहे, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

मँकूसो १४ नोव्हेंबर २०१६ रोजी मरण पावला. १९२६ चा कॅबरे कायदा रद्द झाला तो २०१७ साली. लॉफ्टला क्लब न म्हणण्याचा आग्रह विक्षिप्तपणाचा वाटतो, तो या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर वाटेनासा होतो. ज्या शहरात सार्वजनिक जागी नाचण्यास अनुज्ञा लागत होती, तेथे घर हे घरच म्हणविणे, यातच त्या नृत्याचे संरक्षण होते.