दारातली कर्दळ आणि शेततळ्यातली जलपर्णी : फरक काय?

सिन्नर : न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ आपल्याकडं पहिल्यापासून. गड्डा जमिनीत राहतो, एकदा लावली की वर्षानुवर्षं फुटते. जास्त माजली तर कुदळीनं खणून काढायची, विषय संपला.

जलपर्णीचं तसं नाही. फूल जांभळं, देखणं, म्हणून कुणीतरी हौसेनं एखादं रोप शेततळ्यात सोडतं. देठात हवा असल्यानं ती तरंगते. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते! पाणी झाकलं की प्राणवायू घटून मासे मरतात. उघड्या तळ्यातून उडतं त्याहून जास्त पाणी पानांवाटे उडतं. टँकरच्या गावाला हे कसं परवडणार? शेजारी निफाडच्या नांदूरमध्यमेश्वरला, २०२० मध्ये रामसर दर्जा मिळालेल्या पाणथळीतही, गोदावरीतून आलेली जलपर्णी साचते.

खरं तर दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, दोन्ही सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद ओढतात. पण कर्दळ लावली तिथंच राहते.

तळ्यात जलपर्णी दिसली तर फुलायच्या आत मुळासकट काढा. बी गाळात १५-२० वर्षं टिकतं. काठापासून लांब वाळवून खड्ड्यात कुजवा. शहराच्या सांडपाण्यातली मात्र जनावरांना घालू नका, तिच्या मुळांत जड धातू साठलेले असू शकतात.