ठोक्यांचा हिशेब

संगणकाच्या पोटात एक स्फटिक अखंड ठोके देत असतो आणि त्या ठोक्यांना धरून प्रोसेसर, मेमरी, डिस्क हे सारे घटक आपापले काम करीत असतात. कारखान्याने नेमून दिलेल्या ठोक्यापेक्षा अधिक जलद ठोक्यावर प्रोसेसर चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या हौसेच्या इतिहासात १९९८ हे वर्ष विशेष संस्मरणीय होय.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंटेल कंपनीने सेलेरॉन हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. त्यात दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असावी लागणारी जलद मेमरी, मुळीच नव्हती. साहजिकच त्याच्या मंदपणावर टीका झाली. ऑगस्टमध्ये आलेल्या ‘सेलेरॉन ३००ए’ने ही उणीव भरून काढली. त्याची कॅश अवघी १२८ किलोबाइटांची. परंतु ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर असून त्याच्या पूर्ण वेगाने चाले. महाग अशा पेंटियम-२ ची कॅश ५१२ किलोबाइटांची खरी, पण ती निम्म्या वेगाने चालत असे.

३००ए चा गुणक साडेचार असा कायम केलेला होता. बसचा ठोका ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून प्रोसेसरचा वेग ३००. हौशी मंडळींनी बसचाच ठोका १०० वर नेला, आणि पुष्कळसे नग ४५० मेगाहर्ट्झवर निर्वेध चालू लागले!

मात्र ठोका वाढला तो सर्वांसाठीच. ६६ मेगाहर्ट्झला एक ठोका १५ नॅनोसेकंदांचा असतो. १०० ला तो १० चा होतो. मागितलेली माहिती हुडकून देण्यास मेमरीला ३० नॅनोसेकंद लागत असतील, तर पूर्वी दोन ठोके थांबणे पुरे होते, आता तीन ठोके थांबले पाहिजे. दोनच ठोक्यांचा आग्रह धरावयाचा, तर २० नॅनोसेकंदांत उत्तर देणारी सरस मेमरी हवी. तीन ठोके थांबूनही तोटा नव्हता. कारण पहिल्या शब्दामागून येणारे शब्द दर ठोक्यास, म्हणजे पूर्वीच्या दीडपट गतीने, येत.

याहून विलक्षण गोष्ट डिस्कची. तिचा व्यवहार ज्या पीसीआय मार्गाने चाले, त्याचा ठोका ३३ चा. ६६ चा अर्धा ३३, १०० चा तिसरा हिस्साही ३३. पण सावधपणे ८३ वरच थांबणाऱ्याच्या वाट्यास, अर्ध्या हिश्शाने, साडेएकेचाळीस येत, आणि डिस्कवरील माहिती बिघडण्याची भीती असे. ८३ पेक्षा १०० अधिक निर्धोक ठरले ते असे.

बंद पडणारे यंत्र आपला दोष उघड सांगते. चुकीचा आकडा मुकाट्याने लिहून ठेवणारे यंत्र अधिक घातक. म्हणून स्थैर्याची परीक्षा आवश्यक झाली. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी प्राइम९५ हा प्रोग्रॅम सिद्ध केला होता. उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते तो यंत्राकडून तासन्‌तास करवून घेई, आणि उत्तर चुकताच थांबे. वेग वाढविणाऱ्यांनी हीच कसोटी स्वीकारली.

आजचे प्रोसेसर उष्णता व वीज यांचा अंदाज घेऊन आपला वेग आपणच वाढवितात. तरीही मेमरीला लागणारा वेळ नॅनोसेकंदांतच मोजावा लागतो, आणि वाढविलेल्या वेगावर भरवसा ठेवण्यापूर्वी त्याची उत्तरे ताडून पाहावीच लागतात.