लटके भय आणि खरे भय



उन्हाळ्याची सुटी म्हणजे आजोळ, आंबे आणि गावची जत्रा, असा एक काळ होता. जत्रेत आकाशपाळणा असे. तो हातांनी फिरवणारा मनुष्य आपल्या समोर उभा असे आणि त्याच्या कपाळावरचा घामही आपल्याला दिसत असे. आता शहरातील कुटुंबे सुटीत करमणुकीच्या नगरीत मुक्कामाला जातात. तेथेच राहावयाचे, तेथेच जेवावयाचे आणि दिवसभर पाळणे, घसरगुंड्या, भुतांचे वाडे यांत रमावयाचे. यंदा माझ्या कन्येच्या घरीही असाच बेत ठरला आहे. तिने मला विचारले, "अण्णा, तिथे मुलांना नेणे निर्धास्त आहे ना?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. यंत्रांतले मला फारसे कळत नाही. म्हणून तिला एकदम होय किंवा नाही असे न सांगता मी या करमणुकीचा इतिहास चाळला. त्यात मला जे आढळले तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

भय विकत घेण्याची हौस मनुष्याला फार दिवसांची आहे. रशियातील सेंट पीटर्सबर्गला हिवाळ्यात लाकडी मचाणांवर बर्फ थापून उंच घसरगुंड्या करीत. तोच खेळ १८१७ साली पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्यांवर आला. आणि गाडी उलटू नये म्हणून तिची चाके रुळांत अडकवून ठेवण्याची युक्तीही त्याबरोबरच आली. १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या ठिकाणी थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने चढउताराची गाडी सुरू केली. भाडे पाच सेंट आणि वेग ताशी सुमारे सहा मैल, म्हणजे आपल्या टांग्याएवढादेखील नव्हे! तरी लोकांनी तिच्यावर उड्या टाकल्या. १८९५ साली त्याच ठिकाणी गाडी पूर्ण उलटी फिरवणारा वळसा बांधण्यात आला. तो अगदी वर्तुळाकार असल्यामुळे बसणाऱ्यांच्या मानेला जबर हिसके बसत. अशी गाडी फार दिवस चालली नाही. पुढचे वळसे लंबगोल झाले.

यानंतर जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने दोन मोठ्या सुधारणा केल्या. चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून १९१०च्या सुमारास त्याने दातेरी अडसर बसवला; आणि गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून १९१९ साली रुळाच्या खालच्या बाजूनेही चाके जोडली. आज जगभर धावणाऱ्या रोलर कोस्टरच्या मुळाशी हीच तत्त्वे आहेत. धोका काढून घ्यावयाचा आणि धोक्याचा भास तेवढा ठेवावयाचा, हीच या धंद्याची सारी कला. ती पुष्कळ अंशी साधली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. वर्षानुवर्षे कोट्यवधी लोक या नगऱ्यांत जातात आणि हसतखेळत परत येतात.

परंतु या कलेच्या पोटातच एक खोच आहे. जेथे लटके भय विकले जाते, तेथे खरे भय समोर आले तर ते ओळखू येत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा हाच धडा आहे.

कोनी आयलंडवरच १९०४ साली 'ड्रीमलँड' म्हणजे स्वप्नभूमी नावाची नगरी उघडली. पांढरेशुभ्र मनोरे आणि लाखो विजेचे दिवे असा तिचा थाट होता. पण ते मनोरे संगमरवराचे नव्हते. लाकडी पट्ट्यांवर तागाचे धागे मिसळलेला चुना-गिलावा थापलेला होता. तेथील एक लोकप्रिय खेळ म्हणजे आगीशी झुंज. रोज उंच इमारतीला आग लागल्याचा देखावा होई, बंबवाले धावत, खिडक्यांतून माणसे खालच्या जाळ्यात उड्या टाकीत आणि प्रेक्षक टाळ्या वाजवीत. २७ मे १९११ रोजी नव्या हंगामाचा आरंभ व्हावयाचा होता. त्या पहाटेपूर्वी 'नरकद्वार' नावाच्या जलविहाराची गळती बुजवण्याकरिता कामगार डांबर तापवीत होते. अचानक दिवे गेले, अंधारात तप्त डांबराची बादली उलटली आणि पाहता पाहता खरोखरीच नरकद्वार पेटले. सकाळपर्यंत स्वप्नभूमीची राख झाली. पिंजऱ्यांतील अनेक प्राणी होरपळून मेले. त्याच आवारात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना उबदार पेट्यांत ठेवून वाढवीत असत. ती अर्भके मात्र सुखरूप बाहेर काढण्यात आली. दुरुस्ती रात्री चालली होती, दरवाजे बंद होते. म्हणून प्रेक्षकांपैकी कोणाचा बळी गेला नाही. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. पुढे तिची आठवण करून द्यावी लागणार आहे.

कधी कधी यंत्रच दगा देते. लंडनच्या बॅटरसी बागेतील उंच गाडी ३० मे १९७२ रोजी चढावर ओढली जात असताना ओढदोरापासून सुटली आणि मागे घसरली. मागे घसरू न देण्याची योजना तेथे होती, पण ती ऐन वेळी उपयोगी पडली नाही. पाच मुले दगावली. अशा प्रसंगी बसणाऱ्याच्या हाती काहीच नसते. तो भार सर्वस्वी मालकाचा आणि तपासनिसाचा आहे. तो प्रेक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

पण दुसऱ्या काही प्रसंगी प्रेक्षकाच्या हाती दोन-चार मिनिटे असतात. त्यांचे काय होते, हे पाहण्यासाठी इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधील आइल ऑफ मॅन या बेटावर जाऊ. तेथील डग्लस गावात १९७१ साली 'समरलँड' नावाचे प्रचंड क्रीडागृह बांधले गेले. बाहेर पाऊस असो की वारा, आत सदा उन्हाळा, अशी कल्पना. छप्पर व भिंतींचा मोठा भाग काचेसारख्या पारदर्शक अॅक्रिलिकचा होता. २ ऑगस्ट १९७३ च्या संध्याकाळी आत सुमारे तीन हजार माणसे होती. आईबाप वरच्या सज्जांत गाणीबजावणी ऐकत बसलेले, आणि मुले खालच्या मजल्यांवर खेळांत रमलेली. बाहेर गोल्फच्या अंगणातील एका टाकून दिलेल्या टपरीत तीन पोरे धूम्रपान करीत होती. त्यांच्या हातून टपरी पेटली आणि इमारतीच्या भिंतीला टेकून जळू लागली. भिंतीच्या पोकळीत आग धुमसू लागली, तरी आतला कार्यक्रम चालूच होता. अग्निशामक दलाला बोलावण्यात सुमारे वीस मिनिटे गेली, आणि पहिली वर्दी मिळाली तीही बाहेरच्या लोकांकडून!

मग ज्वाळा आत आल्या आणि पारदर्शक छप्पर पेटले. फुकट्यांनी आत शिरू नये म्हणून बाहेर पडण्याचे काही दरवाजे बंद करून ठेवलेले होते. जे लोक दाराकडे जाऊ शकले असते, त्यांतील कित्येक उलट आत धावले, कारण त्यांची मुले आत होती. जिन्यावर उतरणारा जमाव आणि मुलांना हाका मारीत जाणारे आईबाप यांची एकच गर्दी झाली. पन्नास माणसे मृत्युमुखी पडली. चौकशी समितीने कोणा एकाला खलपुरुष ठरवले नाही. अनेकांच्या लहानमोठ्या चुकांची साखळी तिने दाखवून दिली. जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने पुढे या आगीतून वाचलेल्यांच्या हालचालींचा अभ्यास केला. संकटात मनुष्य सर्वांत जवळच्या दाराकडे जातोच असे नाही. तो आपल्या माणसांकडे आणि आपल्या परिचयाच्या वाटेकडे जातो, असे त्याला दिसून आले. आई मुलाकडे धावणार, यात नवल ते काय? तिला कोण दोष देईल? पण म्हणूनच मूल कोठे आहे आणि कोणाबरोबर आहे, याचा निर्णय संकटाच्या वेळी नव्हे, तर सकाळीच व्हावयास हवा.

अमेरिकेतील न्यू जर्सी येथे एका मोठ्या करमणूक नगरीत ११ मे १९८४ रोजी भुताचा वाडा पेटला. तो मालवाहू गाड्यांचे सांगाडे जोडून उभारलेला होता. धूर ओळखणारी यंत्रे नव्हती, पाण्याचे फवारे नव्हते. आठ तरुण मुले आत गेली ती परत आली नाहीत. अंधार, धूर आणि किंकाळ्या यांचेच जेथे तिकीट काढलेले असते, तेथे खरी किंकाळी ओळखावी कशी? या घटनेनंतर अशा वाड्यांसाठी कायदे कडक झाले, पण ते आठ जीव गेल्यानंतर.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी चाळीस मुलांची सहल घेऊन अशाच एका बागेत गेलो होतो. भुताच्या वाड्यात मुलांची एक तुकडी शिरली होती आणि मी दाराशी उभा होतो. फटीतून धूर येऊ लागला, आतून आरडाओरडा ऐकू आला. मी हसत उभा राहिलो, बरोबरच्या गुरुजींना म्हणालो, "देखावा मोठा हुबेहूब केला आहे!" थोड्या वेळाने जळक्या रबराचा वास आला, तेव्हा कोठे माझे डोळे उघडले. विजेची तार जळत होती. नोकरांनी कळ बंद केली, मुले खोकत बाहेर आली. मी तीन वेळा मोजणी केली आणि चाळीस आकडा जमला तेव्हाच माझ्या पायांत बळ आले. कोणास काही झाले नाही. पण ज्या दोन-तीन मिनिटांत मी हसत उभा होतो, ती मिनिटे मी आजतागायत विसरलो नाही.

या नगऱ्यांत केवळ आगच फसवते असे नव्हे. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड येथे १४ जून २०१६ च्या रात्री विश्रामगृहासमोरच्या मानवनिर्मित तलावाच्या काठी एका दोन वर्षांच्या बालकाला मगरीच्या जातीच्या अॅलिगेटरने ओढून नेले. काठावर 'पोहू नये' अशी पाटी होती, पण का पोहू नये ते तिच्यावर लिहिलेले नव्हते. दुर्घटनेनंतर इशाऱ्याच्या पाट्या आणि कुंपण आले. जेथे किल्ला खोटा, डोंगर खोटा, तेथे तलावही चित्रासारखाच वाटला तर दोष पाहणाऱ्याचा नव्हे. पण पाणी मात्र खरेच असते.

आपल्या देशात दिल्लीला १९८४ साली अप्पू घर आणि मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उघडले, तेव्हापासून ही हौस मध्यम वर्गातही रुजली. आणि २५ मे २०२४ रोजी, ऐन सुटीत, राजकोटच्या एका खेळगृहात पत्र्याच्या मंडपाखाली आग लागली. आत वेल्डिंगचे काम चालू होते, इंधनाचा साठा होता, बाहेर पडण्याची वाट अरुंद होती, अग्निशामक दलाचा दाखला नव्हता. पंचवीसहून अधिक माणसे गेली, त्यांत मुलेही होती. गुजरातच्या उच्च न्यायालयाने ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. आता ड्रीमलँडची आठवण करा. तेथे दुरुस्ती दरवाजे लावून रात्री होत होती. एकशे तेरा वर्षांनंतर येथे प्रेक्षक आत असताना ठिणग्या उडत होत्या. शास्त्र पुढे गेले. सावधपणा मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागतो.

मग कन्येला मी काय सांगितले? जा, अवश्य जा. मुलांचा आनंद हिरावून घेऊ नका. पण आत शिरताच, आलो त्याखेरीज बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती, ती डोळ्यांनी पाहून ठेवा. बंदिस्त जागेत लहान मुले कोणा मोठ्याच्या हातावाचून सोडू नका. मोठ्या मुलांना बाहेरची एक ठळक खूण दाखवून सांगा की, गडबड झाली तर आम्हांला शोधू नका, येथे येऊन उभे राहा. उंचीच्या पट्टीशी मुलाला टाचा उंचवायला शिकवू नका. ती पट्टी त्याला बांधणाऱ्या अडसरासाठी मोजलेली असते. पाण्याच्या काठी हात सोडू नका. जेथे प्रेक्षक असताना दुरुस्ती चालली असेल, तेथे तिकीट फुकट गेले तरी परत फिरा. आणि धुराचा वास आला, तर तो खेळाचा भाग आहे की नाही, याचा विचार बाहेर येऊन करा. चूक ठरली तर लोक हसतील, एवढेच.

तिने सारे ऐकून घेतले आणि धाकट्या नातवाने मला विचारले, "आजोबा, मग तुम्ही येणार का?" मी होय म्हणालो आहे. मोजणी करायला कोणीतरी हवेच.