कारवानी कुत्र्याची दोन घरं

जत तालुक्यात सशामागं पळणाऱ्या लांबतोंड्या, बारीक कंबरेच्या कुत्र्याला आम्ही कारवानीच म्हणायचो. घटप्रभेकाठच्या मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपड्यांनी खेड्यापाड्यातली अशी कुत्री जमवून जोपासली. एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली असं सांगतात. त्यामुळं तिकडं ते मुधोळ हाउंड झालं. एक केनेल क्लब त्याला कॅरावान म्हणतो, दुसरा मुधोळ. 2005 साली टपाल तिकिटावर चढलं ते मुधोळ म्हणून.

पण जात घडवली ती माळानं. आमच्या आप्पांकडं वंशावळीचा कागद नव्हता. ऐन पळात ससा काटकोनात वळतो. त्याच्याबरोबर जो वळला आणि काट्याकुट्यात पाय शाबूत ठेवून परत आला, तोच कुत्रा कुत्रीला लावायचा. रंग कुणी विचारत नव्हतं. ताकात कुस्करलेली भाकरी खाऊन रात्री मेंढरं राखायची, परक्याला अंगाला हात लावू द्यायचा नाही.

1972 चा वन्यजीव कायदा आला, पुढं तो कडक झाला, आणि सशाची शिकार बंद झाली. झाली ते बरंच झालं. मात्र कुत्रं पारखायची जागाच गेली.

मग दोन जागा निघाल्या. शहरातल्या प्रदर्शनात परीक्षक दात बघतो, खांदा चाचपतो, चाल बघतो. कुत्र्यानं गप उभं राहायचं. आप्पांना जो गुण वाटायचा, तो तिथं खोड ठरतो. तरी एक मान्य करतो: या लोकांनी नोंदी ठेवल्या म्हणून जात कागदावर तरी शुद्ध राहिली.

जत्रेतल्या शर्यतीत कागद लागत नाही, नंबर लागतो. पल्ला सरळ आणि थोडा. थोड्या पल्ल्यात ग्रेहाउंडच्या पुढं कारवानी टिकत नाही, म्हणून त्याचं रक्त घातलं. पळ वाढला, कातडं नाजूक झालं. नाव मात्र कारवानीच. वळण्याचा कस ना इथं लागतो, ना तिथं.

पुतण्या म्हणतो, "नाना, क्रॉस केल्याबिगर ढाल मिळत न्हाई."

म्हटलं, "ढाल कुठं ठेवणार? मेंढरं कोण राखणार?"

"मेंढरं हायती कुठं आता?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्याकडं एकही मेंढरू उरलेलं नाही.

आप्पांच्या वळणाची शेवटची कुत्री यंदा व्याली. चार पिल्लं. एक पुण्याच्या माणसानं नेलं, त्यानं जबडा उघडून बघितला. दोन शर्यतवाल्यानं नेली. बापाचा पळ किती, हे त्यानं तीनदा विचारलं. चौथं रस्त्यानं जाणाऱ्या धनगरानं मागितलं. त्यानं एवढंच विचारलं, "आई रातीला जागती का?"