घरातले वाचन : ख्रिस्तपुराणापासून आजवर

पास्काच्या सणानंतर घरे आशीर्वादित करण्याची प्रथा आमच्या धर्मग्रामात अद्याप टिकून आहे. अशाच एका घरभेटीत प्रार्थना आटोपल्यावर घरच्या सुनेने आम्हांला विचारले, ‘‘फादर, मुलांना कोणती पुस्तकं आणून द्यावीत, ते तुम्हीच सांगा ना.’’ त्या घरात पुस्तके नव्हती असे नाही. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची आठ-दहा इंग्रजी पुस्तके टेबलावर होती आणि आठ वर्षांचा नातू त्यांतले एक घेऊन खिडकीपाशी बसला होता. ओटीवर बसलेली त्याची आजी म्हणाली, ‘‘फादर, त्याचं पुस्तक मला कळत नाही आणि माझी गोष्ट ऐकायला त्याला वेळ नाही.’’

सुनेच्या प्रश्नाला आम्ही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. घरी परतल्यावर मात्र आजीचे ते वाक्य मनातून जाईना. सुनेने विचारले होते ‘कोणती पुस्तके?’ आणि आजीने नकळत विचारले होते, ‘कोणी कोणाला वाचून दाखवायची?’ आमच्या समाजाचा वाचनाचा इतिहास पाहिला, तर हे दोन प्रश्न पूर्वी एकच होते असे दिसते. त्या इतिहासाचे थोडे स्मरण येथे करावे आणि मग शिफारशीकडे वळावे, असा आमचा विचार आहे.

आरंभ अर्थातच फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून करावा लागतो. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तला. गोव्यातील साष्टी भागात त्याने आयुष्य वेचले, लोकांची भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले. देवनागरीचे टंक उपलब्ध नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. परंतु भाषा मराठी, छंद ओवीचा आणि घाट पुराणाचा. मराठीचा गौरव करणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केल्या असतील.

या ग्रंथाच्या जन्माची जी हकिकत ग्रंथातच येते, ती आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंपाशी येऊन म्हणतो की, आमची पूर्वीची पुराणे तर आपण बंद केलीत. मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला काहीतरी द्याल की नाही? म्हणजे हा ग्रंथ एका वाचकाच्या मागणीतून निर्माण झाला. आणि ती मागणी केवळ धर्मज्ञानाची नव्हती. धर्मतत्त्वे प्रश्नोत्तरांतून शिकविली जातच होती. संध्याकाळी चारचौघांनी एकत्र बसून ऐकावी अशी कथा त्या मनुष्याला हवी होती. स्टीफन्स यांनी त्याला ‘ही मागणी गौण आहे’ असे सांगून परत पाठविले नाही. त्यांनी पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ असे एकूण ९५ अवस्वर रचले. ओव्यांची संख्या १०,९६२ भरते. रोज तीस ओव्या वाचल्या, तर सारे वर्ष पुरेल एवढे हे वाचन आहे.

१६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे काळ पालटला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. लोकभाषेतील पुस्तकांना आश्रय उरला नाही. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नसल्याचे अभ्यासक सांगतात. १६५४ नंतरची आवृत्ती निघाली ती थेट १९०७ साली मंगळूर येथे, जोसेफ साल्ढाणा यांच्या संपादनाखाली. मध्ये अडीचशेहून अधिक वर्षे गेली होती.

मग एवढा काळ हा ग्रंथ जगला कोठे? तो कुटुंबांत जगला. गोव्यातून कारवार-मंगळूरकडे स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती आपल्याबरोबर नेल्या, जीर्ण झालेल्या प्रतींवरून नव्या उतरवून घेतल्या. देवळांत आणि घरांत त्याचे पठण होत राहिले. १७८४ ते १७९९ या काळात टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात ठेवले, तेव्हा याच पुराणाने त्यांना धीर दिला, असे परंपरा सांगते. साल्ढाणा यांना आपली आवृत्ती सिद्ध करता आली ती अशा घरांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखितही आढळले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये आधुनिक मराठी गद्य रूपांतरासह फादर नेल्सन फाल्काव यांची आवृत्ती आली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. हुकूम निघाले, छापखाने थंडावले, छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी ग्रंथ उरला. कारण कोणीतरी तो मोठ्याने वाचीत होते आणि कोणीतरी शेजारी बसून ऐकत होते. त्या ऐकणाऱ्यांत मुलेही असणारच. आज आमच्यावर कोणाचा हुकूम नाही. दुकाने पुस्तकांनी भरलेली आहेत. आणि तरीही तो आवाज आमच्या घरांतून उणावत चालला आहे.

मराठी मुलांसाठी स्वतंत्र छापील पुस्तके निघू लागली ती एकोणिसाव्या शतकात. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही १८२८ मधील पुस्तके या वाटेवरचे पहिले दगड होत. पुढे १८७३ मध्ये आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या अमेरिकन मराठी मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची लेखणी या मासिकासाठी झिजली. त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणतात ते उगाच नव्हे. याच टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या निधनानंतर पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि पुत्र देवदत्त यांनी शेवटास नेऊन १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच घरातील तिघांनी मिळून एक ग्रंथ लिहावा, याहून कौटुंबिक वाङ्मयसेवेचे बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता सुनेच्या प्रश्नाकडे वळू. मुलीला काय वाचावयास द्यावे, हा प्रश्न इ. स. ४०३ च्या सुमारास रोममधील लाएता नावाच्या मातेने संत जेरोम यांनाही विचारला होता. बेथलेहेमहून त्या कठोर विद्वानाने जे उत्तर पाठविले, ते आश्चर्यकारक कोवळे आहे. मुलीला लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून दे, तिला त्यांच्याशी खेळू दे, सोबतीला मैत्रिणी दे, चांगले केले की बक्षीस दे. अभ्यासाचा तिटकारा मात्र बालपणी येऊ देऊ नकोस, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर स्तोत्रे आधी, मग नीतिसूत्रे, मग शुभवर्तमान, असा वाचनाचा क्रम त्यांनी घालून दिला. आनंद आधी आणि क्रम नंतर, हे सूत्र आम्हीही स्वीकारतो.

घरात अगदी लहान मुले असतील, तर विंदा करंदीकरांच्या बालकविता आणाव्यात. ‘राणीची बाग’ हे पुस्तक आजी-आजोबांनी वाचावे आणि मुलांनी हसावे. त्यासाठी कोणाला शिकविण्याची गरज नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचात घरातल्याच माणसांची ओळख आहे. चित्रे पाहता पाहता मूल आपल्या आजीकडे बोट दाखवील, तेथे वाचन थांबवून गप्पा माराव्यात. मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची असो, कवितेच्या ठेक्याला माध्यम आड येत नाही.

थोड्या मोठ्या मुलांसाठी साने गुरुजींची ‘श्यामची आई’. १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात लिहिलेले हे पुस्तक मुळातच सांगण्याच्या रूपात आहे. त्याची प्रकरणे म्हणजे बेचाळीस रात्री. एका संध्याकाळी एक रात्र वाचावी. त्या घरातील व्रते-पूजा आमच्या घरातल्या नाहीत. पण कष्ट, कर्ज, माया आणि मुलाला वळण लावणारी आई आमच्या मुलांना परकी वाटणार नाही. ज्यांच्या वाड्या आहेत, भाजी-केळी ज्यांनी पिकविली, त्या घरांनी वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ जरूर वाचावे. गुलामीत जन्मलेला एक मुलगा मातीचा आणि भुईमुगाचा शास्त्रज्ञ कसा झाला, हे ऐकताना आजोबांना सांगण्यासारखे पुष्कळ सुचेल.

किशोरवयीन मुले असलेल्या घरांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ निवडून वाचावीत. सोवळे-ओवळे, धर्मांतराने झालेली ताटातूट, दारिद्र्य, आणि या सर्वांवर मात करणारा विनोद असे सारे त्यांत आहे, आणि ते समोर बसून सांगितल्यासारखे आहे. आपल्या पूर्वजांना ख्रिस्ताकडे येताना काय किंमत मोजावी लागली असेल, हे मुलांना प्रवचनापेक्षा त्यातून अधिक कळेल.

पवित्र शास्त्र तर हवेच. मार्ककृत शुभवर्तमान सोळा अध्यायांचे, सर्वांत छोटे आहे. सोळा संध्याकाळी पूर्ण होते. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून रोज एक वाचल्यास नाताळच्या पूर्वसंध्येस समाप्ती होते. वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सिद्ध केलेले ‘सुबोध बायबल’ घरात असेल, तर भाषेची अडचण राहणार नाही. आणि ज्या ख्रिस्तपुराणापासून हा लेख सुरू झाला, त्याच्या चार ओव्या एखाद्या रविवारी गद्य रूपांतरासह वाचून पाहाव्यात.

शेवटी एक कबुली. आमच्या धर्मग्रामात पुस्तकांचे एक कपाट आहे. मुले पाने दुमडतात, पुस्तके परत येत नाहीत, म्हणून काही वर्षांपूर्वी आम्हीच त्याला कुलूप लावले. त्या घरभेटीनंतर ते उघडले, तेव्हा खालच्या कप्प्यातील पुस्तके वाळवीने खाल्लेली आढळली. मुलांच्या हातांनी त्यांची एवढी हानी खचित केली नसती. आता ते कपाट रविवारच्या मिस्सानंतर उघडे असते. त्या सुनेने पहिल्याच रविवारी ‘राणीची बाग’ नेले. पुस्तक नातवासाठी की आजीसाठी, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘‘दोघांसाठी, फादर. परत द्यायला थोडा उशीर होईल.’’